आलेले आणि राहिलेले : मोलोकाई बेटावरचा १८८८ चा नाताळ



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांत दोन याद्या तयार होतात. एक घरची, करंज्या, नेवऱ्या, केक, नवे कपडे यांची. दुसरी चर्चची. त्या यादीत वृद्धाश्रम, अनाथालय, इस्पितळ, कुष्ठधाम अशी ठिकाणे असतात, आणि प्रत्येकासमोर ब्लँकेटे किती, फळे किती, गाडी कोणाची हे लिहिलेले असते. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले बरोबर घेतो, कॅरल गातो, भेटी देतो आणि मिस्साच्या तयारीला परततो. हे चांगलेच काम आहे. पण ज्यांच्याकडे आपण जातो, त्यांचा नाताळ आपण निघून गेल्यावर कसा असतो? आणि जे निघून जात नाहीत, तिथेच राहतात, त्यांचा कसा असतो?

या प्रश्नासाठी आम्ही यंदा दूर देशातल्या एका नाताळाकडे वळलो आहोत. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांपैकी मोलोकाई बेटावर, कुष्ठरुग्णांच्या वस्तीत, १८८८ साली तो साजरा झाला. त्या एका नाताळाला बेल्जियम, अमेरिका, आयर्लंड, इंग्लंड अशा वेगवेगळ्या देशांतून स्वेच्छेने आलेली माणसे एकत्र होती. कोणी दोन आठवड्यांसाठी आले होते, कोणी काही महिन्यांसाठी, तर कोणी जन्मभरासाठी. फादर डेमियन यांचा तो शेवटचा नाताळ होता.

समुद्र आणि कडा यांच्यामध्ये

आधी जागा समजून घेऊ. मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावर जमिनीची एक चपटी जीभ समुद्रात शिरली आहे. तिच्या तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला दोन हजार फुटांहून उंच सरळ कडा. भिंत बांधायची गरज नाही असा हा निसर्गाचा तुरुंग. हवाईमध्ये तेव्हा राजाचे राज्य होते. बाहेरून आलेल्या रोगांनी तिथली मूळ प्रजा झपाट्याने कमी होत होती. त्यात कुष्ठरोग वाढला आणि औषध तर कोणाकडेच नव्हते. १८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या सहीने कायदा झाला : कुष्ठरोग झालेल्याला घरापासून वेगळे करायचे. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले बारा रुग्ण, नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया, या किनाऱ्यावरच्या कलावाओ येथे उतरवले गेले. आपल्या पंचांगात तो प्रकटीकरणाचा, तीन राजांचा दिवस. पूर्वेकडून ज्ञानी लोक भेटी घेऊन आले त्या सणाच्या दिवशी या बारा जणांकडून घर, शेत आणि लेकरे काढून घेतली गेली. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे तिथे पाठवली गेली.

इथे एक गोष्ट आपण सहसा विसरतो. या वस्तीतले पहिले स्वयंसेवक परदेशी नव्हते, ते घरचेच होते. नवऱ्याला नेले तर बायको बरोबर निघायची, लेकराला नेले तर आई निघायची. स्वतः निरोगी असून हे नातेवाईक रुग्णांबरोबर वनवासात गेले. हवाईच्या भाषेत त्यांना 'कोकुआ' म्हणत, म्हणजे मदत करणारा. त्यांच्यातील एकाचे नाव इतिहासाने जपले आहे. जोनाथन नापेला हा मॉर्मन पंथातला प्रतिष्ठित माणूस. १८७३ मध्ये पत्नी किटी हिला वस्तीत जावे लागले तेव्हा तो तिच्या मागोमाग गेला. फादर डेमियन यांच्याशी त्याची चांगली मैत्री जमली. पुढे त्यालाही तोच रोग जडला आणि १८७९ मध्ये तो तिथेच वारला. बाकीच्या शेकडो कोकुआंची नावे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाहीत.

प्रार्थनाही तिथे आधीपासून होती. १८६६ मध्येच पस्तीस रुग्णांनी मिळून सिलोआमा नावाची प्रोटेस्टंट मंडळी स्थापन केली होती. फादर डेमियन यांच्या आधी तिथे देव नव्हता अशी समजूत कोणी करून घेऊ नये. जे नव्हते ते पुरेसे पाणी, धड घरे, औषधपाणी, आणि मेलेल्याला सन्मानाने मूठमाती देण्याची सोय.

तीन महिन्यांसाठी आलेला माणूस

जोझेफ द व्हूस्टर यांचा जन्म ३ जानेवारी १८४० चा, बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावचा. शेतकऱ्याचे पोर. येशू आणि मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात त्यांनी डेमियन हे नाव घेतले. खरे तर हवाईला त्यांचे थोरले बंधू फादर पाम्फिल जाणार होते. ते तापाने आजारी पडले, म्हणून डेमियन यांनी त्यांच्या जागी जाण्याची परवानगी मागितली. १९ मार्च १८६४, संत जोसेफच्या सणाला ते होनोलुलूला उतरले, आणि दोन महिन्यांनी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

नऊ वर्षे त्यांनी हवाईच्या मोठ्या बेटावर डोंगरदऱ्या तुडवत काम केले. मे १८७३ मध्ये बिशप मेग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंसमोर मोलोकाईच्या वस्तीचा विषय काढला. कोणालाही आज्ञा देऊन तिथे पाठवणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. चार तरुण धर्मगुरू आपण होऊन पुढे आले. एकेकाने काही महिने राहायचे, मग दुसऱ्याने यायचे, असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी बिशपांबरोबर ते कलावाओला पोहोचले, तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. राहायला घर नव्हते. पहिल्या रात्री त्यांनी तिथल्या केवड्यासारख्या एका झाडाखाली काढल्या. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवले की मला इथेच राहू द्या. पाळीची व्यवस्था तिथेच संपली.

पाळीने जाणारा स्वयंसेवक दिवस मोजतो, तो स्वाभाविक आहे. राहणारा स्वयंसेवक पाण्याची नळी टाकतो, कारण पुढच्या वर्षीही त्याला तेच पाणी प्यायचे असते. फादर डेमियन यांनी पाणी आणले, घरे बांधली, चर्च वाढवले, मुलांसाठी निवारा उभारला. जखमा धुतल्या आणि बांधल्या. दुर्गंधीने सुरुवातीला त्यांना भोवळ यायची, म्हणून ते पाइप ओढू लागले. शवपेट्या ते स्वतः तयार करीत, शेकड्यांनी केल्या. रुग्णांचे गायनवृंद आणि वाजंत्री पथक त्यांनी उभे केले. सणाच्या मिरवणुकीत ज्यांची बोटे शाबूत होती ते वाजवत आणि ज्यांचा आवाज शाबूत होता ते गात.

पोहोचल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात त्यांनी सांगितले की ख्रिस्तासाठी सर्वांना मिळवावे म्हणून मी कुष्ठरुग्णांमध्ये कुष्ठरुग्ण होतो, म्हणूनच प्रवचनात मी 'आम्ही कुष्ठरुग्ण' असे म्हणतो. तेव्हा त्यांना रोग झालेला नव्हता. व्याकरणाच्या दृष्टीने ते 'आम्ही' चुकीचे होते. अकरा वर्षांनी ते बरोबर ठरले.

डिसेंबर १८८४. नाताळचाच महिना. दिवसभराच्या दगदगीनंतर त्यांनी पाय शेकायला गरम पाणी घेतले. पाणी कढत होते, पायाला फोड आले, पण त्यांना काहीच जाणवले नाही. कुष्ठरोगात चामडीची संवेदना जाते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पुढे डॉक्टरांनी निदान पक्के केले.

एकटेपणाचे नाताळ

परदेशी सेवा करणाऱ्याला नाताळात काय छळते हे आपल्याकडच्या घरांना वेगळे सांगायला नको. गोव्यातल्या कितीतरी कुटुंबांतला माणूस जहाजावर असतो, कितीतरी घरांतल्या मुली आखातात परिचारिका असतात. मध्यरात्रीची मिस्सा संपली की घरी फोन लागतो आणि दोन्हीकडे काही क्षण कोणी बोलत नाही.

फादर डेमियन यांचे दुःख मात्र थोडे वेगळे होते. त्यांना सर्वांत जास्त उणीव भासे ती सोबती धर्मगुरूची, म्हणजे पापनिवेदन ऐकणाऱ्याची. सुरुवातीच्या काळात सरकारी नियम असा होता की वस्तीत राहिलेल्याने बाहेर पडायचे नाही. १८७३ मध्येच त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले, पण त्यांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि डेमियन यांना जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा डेमियन होडीत उभे राहिले आणि वर डेकवर उभ्या असलेल्या वरिष्ठांना ओरडून, फ्रेंच भाषेत आपली पापे सांगितली. तिथूनच त्यांना क्षमादान मिळाले.

नंतर काही वर्षे सोबती मिळाले, पण ते टिकले नाहीत. १८८५ पासून जवळजवळ तीन वर्षे कायमचा सोबती धर्मगुरू नव्हता. आता ते स्वतः रुग्ण होते, चेहरा आणि हात बदलत चालले होते. जगात त्यांची कीर्ती पसरत होती, वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी छापून येत होते, देणग्या येत होत्या. वरिष्ठांना त्या प्रसिद्धीचा त्रासच वाटे आणि त्यांच्याकडून येणारी पत्रे कधीकधी कठोर असत. १८८५, १८८६ आणि १८८७ च्या नाताळांना वेदीसमोर उभ्या राहिलेल्या या माणसाजवळ रुग्ण भरपूर होते, पण ज्याच्यापुढे स्वतःचे मन मोकळे करावे असा धर्मगुरू जवळ नव्हता.

मग एकेक जण येत गेला

२९ जुलै १८८६ रोजी एक अमेरिकन माणूस किनाऱ्यावर उतरला. त्याचे नाव जोसेफ डटन, मूळचे आयरा. वय त्रेचाळीस. अमेरिकन यादवी युद्धात तो सैनिक होता. युद्धानंतर लग्न मोडले, दारूत वर्षे गेली. मग दारू सुटली, आणि आपल्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. ट्रॅपिस्ट मठात तो काही काळ राहिला, पण आपले आयुष्य मौनात नव्हे तर कामात वेचावे असे त्याला वाटले. फादर डेमियन यांच्याविषयी त्याने वाचले आणि स्वतःच्या खर्चाने तो आला. पगार नको म्हणाला. त्याने व्रते घेतली नव्हती, तरी फादर डेमियन त्याला 'ब्रदर' म्हणू लागले आणि ते नाव कायमचे चिकटले.

मे १८८८ मध्ये फादर लॅम्बर्ट कॉनरार्डी आले. बेल्जियमचेच, पण अमेरिकेच्या ओरेगॉन भागात मूळ रहिवाशांमध्ये काम केलेले. पापनिवेदन ऐकणारा सोबती अखेर मिळाला. त्याच वर्षी जेम्स सिनेट नावाचा आयरिश परिचारक आला.

आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी आल्या मदर मेरियन कोप, सिस्टर लिओपोल्डिना आणि सिस्टर व्हिन्सेंशिया. मदर मेरियन अमेरिकेतल्या सिराक्यूजच्या फ्रान्सिस्कन धर्मभगिनी. १८८३ मध्ये हवाईतून पन्नासहून अधिक धर्मसंघांना मदतीची विनंती गेली होती. होकार फक्त त्यांच्या संघाचा आला. पाच वर्षे त्यांनी होनोलुलूजवळच्या इस्पितळात काम केले होते. फादर डेमियन उपचारासाठी तिथे गेले असता, जेव्हा बाकीचे त्यांना टाळत होते, तेव्हा मदर मेरियन यांनीच त्यांची व्यवस्था पाहिली होती. आता त्या कलाऊपापा येथे मुलींचे वसतिगृह सांभाळायला आल्या.

अशा रीतीने १८८८ च्या आगमनकाळात फादर डेमियन यांच्याभोवती पहिल्यांदाच माणसे जमली होती. वस्तीत तेव्हा सुमारे हजार रुग्ण होते.

काश्मीरहून मोलोकाईला आलेला पाहुणा

नाताळच्या तोंडावर आणखी एक माणूस आला. एडवर्ड क्लिफर्ड, इंग्लंडमधला चित्रकार, अँग्लिकन पंथाचा. त्याचा प्रवास भारतातून सुरू झाला होता. पुढे त्याने जे पुस्तक लिहिले त्याच्या शीर्षकातच काश्मीर ते हवाई हा प्रवास आहे. त्याच्या सामानातही हिंदुस्थानाशी नाते असलेली वस्तू होती : गर्जन झाडाचे तेल. अंदमानातल्या एका ब्रिटिश डॉक्टरने कुष्ठरोग झालेल्या कैद्यांवर ते वापरून पाहिले होते आणि बरा गुण येतो असे नोंदवले होते. तेच तेल क्लिफर्ड फादर डेमियन यांच्यासाठी घेऊन निघाला होता.

बोट पोहोचली तेव्हा समुद्र खवळलेला होता. इंग्लंडहून पाठवलेल्या भेटींची मोठी पेटी किनाऱ्यावर उतरवता येईना. म्हणून ती बोटीवरच उघडली आणि एकेक वस्तू हातोहात खाली दिली गेली. उत्तम मेंढपाळाचे चित्र. क्रूसाच्या वाटेची चित्रे. पवित्र शास्त्रातल्या प्रसंगांच्या काचा असलेला जादूचा कंदील, म्हणजे भिंतीवर चित्रे दाखवणारे यंत्र. नामवंत चित्रकार बर्न-जोन्स याने पाठवलेले संत फ्रान्सिसचे चित्र. आणि हाताने दांडी फिरवली की चाळीसेक चाली वाजवणारी एक पेटी. सांताक्लॉजच्या पोतडीची गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण ही पोतडी खरोखरीची होती आणि लाटांच्या फवाऱ्यात उघडली गेली.

क्लिफर्ड सुमारे दोन आठवडे राहिला. जादूच्या कंदिलाचा खेळ झाला. भिंतीवर येशूच्या जीवनाची चित्रे उमटत होती, फादर डेमियन ती समजावून सांगत होते, आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांना ठाऊक होते की पुढचा नाताळ आपण पाहूच असे नाही. येशूचे दुःखसहन आणि पुनरुत्थान त्या गर्दीने कसे ऐकले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. गाणी झाली. अँग्लिकन पाहुण्याने आपली भजने म्हटली आणि रुग्णांच्या गायनवृंदाने आपली. तेलाने थोडे दिवस आराम पडला. फादर डेमियन यांना बरी झोप लागू लागली, आवाज थोडा मोकळा झाला.

क्लिफर्डने त्यांचे चित्र काढायला घेतले. ते बसल्या बसल्या आपली प्रार्थना वाचत होते. वस्तीत आरशाला फारशी मागणी नसे. चित्र पाहिल्यावर फादर डेमियन म्हणाले की आपला चेहरा इतका विद्रूप झाला असेल, रोग इतका पुढे गेला असेल, याची आपल्याला कल्पना नव्हती.

या प्रसंगापाशी आपण थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. क्लिफर्ड प्रेमळ माणूस होता, त्याने काही वाईट केले नाही. तरीही पाहुण्याच्या नजरेने यजमानाला स्वतःचा रोग दिसला. आज आपल्या हातात पेन्सिलीऐवजी मोबाइल असतो. फळे देताना, ब्लँकेट पांघरताना पटकन फोटो निघतो आणि गटावर जातो. ज्याचा फोटो निघाला त्याला तो पाहून काय वाटेल हा प्रश्न आधी विचारायचा आहे.

निघताना भेटी उलट्या दिशेने वाहू लागल्या. फादर डेमियन यांनी क्लिफर्डला जेरुसलेमच्या फुलांचे एक कार्ड दिले. त्याच्या बायबलमध्ये त्यांनी आपल्या हाताने एक वचन लिहून दिले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातले, आजाऱ्याच्या समाचाराला येण्याविषयीचे. आणि खाली सही केली. ते वचन प्रभू येशू न्यायाच्या दिवशी उच्चारणार आहे. पाहुण्याने काय केले हे त्याला त्या रुग्णाने प्रभूच्या शब्दांत सांगितले. क्लिफर्ड पेटीभर वस्तू घेऊन आला होता आणि एक ओळ घेऊन परतला. आमच्या मते अधिक मोठी भेट त्यालाच मिळाली.

त्यानंतर

साडेतीन महिन्यांनी, १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातल्या सोमवारी फादर डेमियन यांनी प्राण सोडला. वय एकोणपन्नास. सिनेट शेवटपर्यंत शुश्रूषेला होता. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली ते झोपले होते, त्याच झाडाखाली त्यांना पुरले. १९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला नेले गेले.

त्या नाताळाला एकत्र असलेल्यांच्या वाटा मग वेगळ्या झाल्या. जेम्स सिनेट निघून गेला. फादर कॉनरार्डी काही वर्षांनी चीनला गेले आणि कँटनजवळ त्यांनी कुष्ठरुग्णांची नवी वस्ती उभी केली. क्लिफर्डच्या पुस्तकामुळे हजारोंना मोलोकाई समजले. लंडनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या पुढाकाराने डेमियन यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला आणि त्या निधीतून १८९०-९१ मध्ये एक चौकशी आयोग आपल्या हिंदुस्थानात आला. गावोगावच्या कुष्ठरुग्णांची पाहणी करून त्याने सांगितले की हा रोग लोक समजतात तितका सहज पसरत नाही आणि रुग्णांना सक्तीने कोंडून ठेवण्याची गरज नाही. त्या सल्ल्याचे सरकारने किती ऐकले हा भाग निराळा. पण मोलोकाईवरच्या एका मृत्यूची हाक आपल्या अंगणापर्यंत अशी पोहोचली.

ब्रदर डटन चव्वेचाळीस वर्षे राहिले. मुलांचे वसतिगृह, जखमांवरची पट्टी, हिशोब, पत्रव्यवहार, सगळे सांभाळत. १९०८ मध्ये अमेरिकेचे आरमार जगप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आज्ञेने युद्धनौकांनी वाट बदलली आणि या म्हाताऱ्या सैनिकाला मानवंदना देत किनाऱ्याजवळून गेल्या. १९३१ मध्ये ते वारले.

मदर मेरियन तीस वर्षे राहिल्या. ९ ऑगस्ट १९१८ रोजी कलाऊपापा येथेच त्यांचे निधन झाले. त्यांची गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण फादर डेमियन यांचे चरित्र ऐकून काहींना वाटते की रोग अंगावर घेतला तरच सेवा खरी. मदर मेरियन यांनी स्वच्छतेचे कडक नियम घातले. प्रत्येक वेळी हात धुवायचे, रुग्णांच्या स्वयंपाकघरातले खायचे नाही. आपल्या भगिनींपैकी कोणालाही हा रोग होणार नाही असे त्यांनी ठामपणे सांगितले होते, आणि तसेच झाले. मुलींसाठी त्यांनी चांगले कपडे शिवले, बाग फुलवली, संगीत शिकवले. आजारी मुलीलाही सुंदर दिसावेसे वाटते हे त्यांनी ओळखले होते. फादर डेमियन रुग्णांच्या ताटात जेवले आणि रुग्ण झाले. मदर मेरियन यांनी हात धुतले आणि तीस वर्षे सेवा केली. ख्रिस्तसभेने दोघांनाही संत म्हटले : डेमियन यांना ११ ऑक्टोबर २००९ रोजी, मेरियन यांना २१ ऑक्टोबर २०१२ रोजी. दोघांच्या पद्धती वेगळ्या, पण दोघेही राहिले.

गव्हाणीपाशी उभे राहून

नाताळच्या सणाचे मर्म यातच आहे असे आम्हाला वाटते. देवाला आपली पाहणी करून, भेटी वाटून परत जाता आले असते. पूर्वीच्या काळी त्याने देवदूत पाठवले, संदेष्टे पाठवले. बेथलेहेमच्या रात्री तो स्वतः आला आणि तेहतीस वर्षे राहिला. आईच्या कुशीत, सुताराच्या दुकानात, गालीलच्या धुळीत. माणसांविषयी बोलताना त्याला 'आम्ही' म्हणता आले, कारण भूक, थकवा, अश्रू आणि शेवटी मरणही त्याने आपलेसे केले. फादर डेमियन यांच्या प्रवचनातले ते 'आम्ही' गव्हाणीतूनच आले होते.

गव्हाणीपाशी पाहुण्यांनाही जागा आहे हे मात्र विसरू नये. ज्ञानी लोक आले, सोने, ऊद, गंधरस ठेवून दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. शुभवर्तमान त्यांना दोष देत नाही. मेंढपाळही आपल्या कळपांकडे परतले. राहिले ते मरिया आणि जोसेफ. क्लिफर्ड ज्ञानी लोकांसारखा आला आणि गेला, म्हणून तर जगाला बातमी कळली. आपल्यापैकी बहुतेकांना संसार आहे, नोकरी आहे, आपण जाणारे-येणारेच असणार. पण जिथे आपण वर्षातून एकदा जातो, तिथे वर्षभर राहणारे कोणीतरी असते. एखादी धर्मभगिनी, एखादा कंपाउंडर, एखादी वृद्ध रुग्ण जी स्वतः आजारी असून शेजारणीला भरवते. कलावाओचे ते कोकुआ आपल्या प्रत्येक कुष्ठधामात आजही आहेत. त्यांचे नाव विचारायला आपल्याला किती वेळ लागतो?

कुष्ठरोग आज पूर्ण बरा होतो. १९८२ पासून बहुविध औषधोपचार उपलब्ध आहेत, सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतात, आणि औषध सुरू झाले की रुग्णापासून संसर्गाची भीती लवकरच उरत नाही. तरीही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्याच देशात सापडतात. चामडीवर बधिर चट्टा दिसला तर लपवून न ठेवता तपासून घ्या, एवढे वाक्य नाताळच्या भेटीत चार घरी सांगितले तरी ती सेवा आहे. रोग गेला तरी माणसाला दूर ठेवण्याची सवय मागे राहते, आणि तिच्यावर कोणत्याही दवाखान्यात गोळी मिळत नाही.

म्हणून यंदा आमच्या धर्मग्रामात एक छोटा बदल ठरला आहे. नाताळच्या भेटीला नेहमीप्रमाणे जायचे, पण वाटप अर्ध्या तासात उरकून उरलेला वेळ बसायचे. तिथल्या लोकांनी गायलेली कॅरल आपण ऐकायची. त्यांनी चहा दिला तर त्यांच्याच कपातून प्यायचा. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आणि निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख सांगायची. ती तारीख आम्ही ३० जानेवारी ठरवली आहे, कारण आपल्या देशात तो कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. गोठा तोपर्यंत आवरून ठेवलेला असेल, तारे उतरवलेले असतील. तेव्हा रिकाम्या हाताने गेलो तरी चालेल.

आपल्या घरातले कोणी यंदा परदेशात, इस्पितळात, जहाजावर, एखाद्या मिशन केंद्रात नाताळ काढत असेल तर त्यांच्यासाठी मध्यरात्रीच्या मिस्साला एक प्रार्थना आपण सर्व मिळून करू. एकाकी नाताळ ज्यांनी सोसले ते संत डेमियन, आणि परक्या देशाला ज्यांनी घर मानले त्या संत मेरियन, त्यांच्यासाठी प्रभूजवळ विनंती करोत. आणि आपल्यामध्ये वस्तीला आलेला बाळ येशू आपल्याला 'ते' म्हणण्याची सवय सोडून 'आम्ही' म्हणायला शिकवो.

सर्वांना नाताळच्या प्रेमपूर्वक शुभेच्छा.